बिनतारी सून

बापूजी फुटाणे यांचा तारेवर कधीच विश्वास नव्हता. तार म्हणजे टेलिफोनची. ती भिंतीतून निघते, खांबांवरून जाते, एक्स्चेंजमधल्या बायांच्या कानांवरून जाते आणि मग कुठे दिल्लीला पोहोचते. एवढ्या वाटेत कोणी मध्येच कान लावला तर आपल्याला कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. माणूस पडला संत्रा मार्केटचा जुना अडत्या. उभा जन्म त्यांनी रुमालाखाली हात घालून सौदे केलेले. भाव तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची आणि चेहरा असा ठेवायचा की शेजारी उभ्या असलेल्याला वाटावं, हे दोघे पोरीबाळींची खुशाली विचारताहेत. या चालीत किती शेतकरी नागवले गेले ते सांगायला बसलो तर गोष्ट राहून जाईल. पण गुपित राखण्यात या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं.

टेलिफोनवरही बापूजींनी रुमाल पांघरलाच होता. दिल्लीचा व्यापारी रोज बाराच्या सुमारास ट्रंककॉल करी आणि मामाच्या तब्येतीची हकिकत सांगे. मामाला ताप चढला म्हणजे दिल्लीत संत्र्याचा भाव चढला, उतरला म्हणजे उतरला. किती डिग्री ते ऐकायचं आणि त्यावरून भाव काढायचा. एक्स्चेंजमधल्या बायांना त्या मामाची फार काळजी वाटत असणार.

आणि हाच माणूस पंच्याऐंशी सालच्या संत्र्याच्या हंगामात, आंबिया बहारात, रोज आपला भाव खुशाल हवेत सोडू लागला.

झालं असं, की बापूजींचा भाचा सिंगापूरहून दोन डबे घेऊन आला. एक ऑफिसात ठेवायचा, दुसरा खांद्याला अडकवून मार्केटभर हिंडायचं. मध्ये तार नाही, काही नाही, आणि टेलिफोनसारखं दोन्हीकडून एकदम बोलता येतं. परवाना वगैरे कोणी विचारलं नाही आणि बापूजींनी कोणाला सांगितलं नाही. पूर्वी दिल्लीचा फोन आला की ऑफिसातून माणूस पळवावा लागे. हातगाड्या, बैलगाड्या, पेट्यांचे ढीग, हमाल यांतून वाट काढत तो बापूजींना शोधीपर्यंत निम्मा बाजार झालेला असे. आता ऑफिसात बोललं की तत्क्षणी बापूजींच्या कानात. कोणत्या ढिगाला कुठवर चढायचं ते बापूजींना सौद्याआधी कळू लागलं आणि त्या बहारात त्यांनी भल्याभल्यांना मागे टाकलं. डब्यावर मात्र ते मामाबिमाची भानगड ठेवत नसत. सरळ भाव सांगायचा. "तारच नाही, तर चोर कान लावीन कशाले?" असं ते म्हणायचे आणि स्वतःच्याच हुशारीवर खूष व्हायचे.

या डब्यापाशी बसायला त्यांनी उत्तरा सगदेवला ठेवलं. आवाज स्पष्ट, फोनवर हिंदी चांगलं, आणि घर मार्केटच्या मागच्याच गल्लीत.

ते घर मागच्याच गल्लीत होतं म्हणूनच उत्तरेला ही नोकरी करता आली. तिच्या सासूबाई कुसुमताई यांनी परवानगी दिली ती "नजरेसमोर राहील" या एकाच मुद्द्यावर. नवरा शरच्चंद्र सरकारी कचेरीत कारकून होता, आणि आईचं मत तेच त्याचं मत. लग्न झाल्यापासून उत्तरा त्या दोन खोल्यांत होती. दारात उभी राहिली तर कोणाला बघतेस, गप्प बसली तर मनात काय चाललंय, हसली तर कशाला हसलीस. छळ म्हणावा असं काही नव्हतं. कोणी हात उचलला नाही की उपाशी ठेवलं नाही. पण कपाटात कोंडलेल्या माणसाला कपाट सागवानी आहे म्हणून सुख लागत नाही.

बापूजींच्या ऑफिसात ती पहिल्यांदा मोकळी झाली. खाली संत्र्यांचा वास, वर एक पंखा, एक टेबल, आणि पाणी भरणारी, झाडलोट करणारी पंचफुला. पंचफुलेशी ती मनसोक्त बोले. सासूची नक्कल करे. गुणगुणे. गुरुवारचा उपास असला तरी पंचफुलेने खालच्या ठेल्यावरून तर्री-पोहे आणले की चाटूनपुसून खाई. घरी जायची वेळ झाली की पदर सारखा करून चेहरा पुन्हा सुनेचा करी. ही नोकरी गेली तर आपण गुदमरून जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकच अट बापूजींनी घातली होती. डबा कधी बंद करायचा नाही. मी कधीही हाक मारीन, आणि ऑफिसात काय चाललंय तेही मला ऐकू येत राहील. खरं म्हणजे मालकाने खांद्यावर कान टांगून हिंडायचं, अशीच ती सोय होती. पण बाजाराच्या गदारोळात बापूजींना कसली नक्कल ऐकू येते, म्हणून उत्तरा निर्धास्त होती.

मग एका शुक्रवारी सकाळी चहा देताना कुसुमताई सहज म्हणाल्या, "काल पोटाला त्रास नाही ना झाला? तर्री म्हणे फार झणझणीत होती."

पोह्यांचं उत्तरेने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. आठवड्याभराने त्या म्हणाल्या की माझं बोलणं तसं नाही, मी वाक्य संपवताना जरा सुस्कारते, नक्कल करायची तर नीट करावी. मग कधी, अमरावतीला बहिणीकडे जायचंय तर मला विचारायचं, परक्या बाईला काय सांगतेस. प्रत्येक वेळी आवाज गोड. उत्तरेला वाटलं, पंचफुलाच घरी जाऊन चहाड्या करते. दुसरं कोण? तिने पंचफुलेशी बोलणं टाकलं. पंचफुलेने दोनदा विचारलं, बाई, माझं काही चुकलं काय. उत्तरेने मान वर केली नाही. गुणगुणणं बंद झालं, पोहे बंद झाले. ऑफिसातही आता ती सुनेच्याच चेहऱ्याने बसू लागली. घरच्या भिंती तिच्या मागोमाग चालत येऊन तिथेही उभ्या राहिल्या होत्या.

त्यातच बापूजींचा भाव फुटू लागला. बापूजी कुठवर चढणार हे मारोतरावांना आधीच माहीत असे. मारोतराव हा समोरच्या ओळीतला अडत्या, बापूजींचा जुना वैरी. बापूजी जिथे थांबत, त्याच्या किंचित पुढे तो बोट दाबी आणि चांगला माल घेऊन जाई. एकदा, दोनदा, मग रोज. दिल्लीचा भाव या मुलखात दोघांनाच ठाऊक असे, बापूजींना आणि उत्तरेला; पंचफुलेला कोणी हिशेबात धरत नसे.

एके दिवशी मार्केटात उतरण्याआधी बापूजी तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"उत्तराबाई, मी तुमाले लेकीसारखं वागवलं. मारोतरावानं काय कबूल केलं ते मले नाही विचारायचं. पण अजून एक डाव भाव फुटला, तर तुमी घरी बसा. अन् साऱ्या मार्केटाले मी सांगीन काहून बसवलं ते."

ते गेले आणि उत्तरेला रडू आवरेना. बोलून उपयोग नव्हता. दोघांपैकी एक चोर, आणि मालक तर चोर नसतो. दिल्लीचा फोन आला, तिने भाव डब्यावर सांगितला, आणि डोकं फार दुखतं म्हणून पंचफुलेला फोनपाशी बसवून ती घरी निघाली. भरदुपारी ती कधीच घरी येत नसे.

जिन्याच्या निम्म्या पायऱ्या चढली आणि थबकली. घरातून पंचफुलेचा आवाज येत होता.

जिला आत्ता ऑफिसात बसवून आले ती माझ्याआधी घरी कशी? रागाने तिची कानशिलं तापली. आत्ता हिला रंगेहाथ धरते, म्हणून ती दारापर्यंत गेली. पंचफुलेचा आवाज ऑफिसाखालच्या ठेलेवाल्याशी बोलत होता. "बाईनं नाही केली चोरी. मी रोज पायते ना गा. माह्याशी बोलत नाही तो भाग निराळा, पन चोर नाही ते. रडत गेली आज."

आत पंचफुला नव्हती. चटईवर कुसुमताई बसल्या होत्या, शेजारची सुमती मटार सोलत होती, वरच्या मजल्यावरच्या अरुंधतीबाई भिंतीला टेकल्या होत्या. तिघींच्या मध्ये पितळी तबकात ठेवावा तसा, विणलेल्या रुमालावर, थोरल्या दिराने कुवेतहून पाठवलेला टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्रच. पंचफुला त्यातून बोलत होती.

त्या टू-इन-वनला एफएम नावाचं एक बटण होतं. नागपुरात तेव्हा त्यावर काही लागत नसे, नुसती खरखर. एक दिवस पुसताना कुसुमताईंचा हात त्यावर पडला, काटा थोडा सरकला आणि खरखरीतून सूनबाई बोलू लागली. तेव्हापासून दुपार झाली की बैठक जमे. ऑफिसातलं बोलणं-चालणं, पंख्याची घरघर, सगळं लख्ख येई. बापूजींचा आवाज तेवढा डब्यातून डब्यात शिरून रांजणातून आल्यासारखा घुमे. बायांना त्यात भारी गंमत वाटायची. कोणाची सून रेडिओवर लागते असं दुसरं घर साऱ्या नागपुरात नव्हतं.

उत्तरेला दारात पाहून सुमती आणि अरुंधतीबाई खाली मान घालून निघून गेल्या. कुसुमताई हलल्या नाहीत. चोरून ऐकायला मी काय कोणाच्या दाराला कान लावला, असं त्यांनी विचारलं. रेडिओ आपला, घर आपलं, सून आपली. त्यांना त्यात खरोखरच काही वावगं दिसत नव्हतं. उत्तरेने फक्त एक विचारलं, की सुमतीचा नवरा कुठे कामाला आहे. उत्तर तिला माहीत होतं. केशव मारोतरावांकडे मुनीम होता. दुपारी तो घरी जेवायला येई आणि मोठे सौदे व्हायच्या आत मार्केटात परते. सुमती वाढता वाढता सांगत असणार, दिल्लीला आज भाव चढला म्हणे, आमच्या कुसुमकाकूंची सून सांगत होती. सुमतीच्या मनात पाप नव्हतं. जेवणाऱ्या नवऱ्याशी काहीतरी बोलायला हवं, म्हणून ती बोलत होती.

रात्रभर उत्तरा छताकडे बघत पडून राहिली. गप्प बसावं तर आपण चोर. सांगावं तर डबा जाणार, आणि डबा गेला की डब्यापाशी बसणारीची गरज काय? शिवाय बापूजी म्हणणार, चोर तुमच्याच घरात निघाला की. कुठूनही चाललं तरी वाट घरातच येऊन संपत होती.

शेवटी तिने सांगितलं. सकाळी लवकर जाऊन, डब्यावर उशी दाबून, बापूजींना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. तार नाही तर आवाज घरात शिरला कुठून? तिने सांगितलं, तार असती तर तारेपुरताच गेला असता. तार नाही म्हणून चहूकडे जातो. बापूजी खाली बसले. ज्या माणसाने जन्मभर रुमाल सोडला नाही, त्याने दिवसाढवळ्या छपरावर चढून भाव ओरडल्यासारखं झालं होतं.

"अन् तिथं ऐकाले कोन कोन असते?"

हायसं वाटलेलं माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं. तिने तिघींची नावं सांगितली, आणि सुमतीचं सांगताच बापूजींच्या डोळ्यांत चमक आली.

"मारोतरावाच्या केशवाची बायको." ते हसले. "मंग डबा कायले बंद करायचा? चालू ठेवा."

आणि त्यांनी बेत सांगितला. डब्याला हाक मारायचं एक बटण होतं, दाबलं की पलीकडे टिक वाजे. खरा भाव त्या टिकटिकीतून सांगायचा. बोटं दाबतो तशी बटणं दाबायची, म्हणजे पुन्हा रुमाल आला. तोंडाने मात्र खोटा भाव बोलायचा. सोमवारी संत्र्याच्या गाड्यांवर गाड्या उतरणार. दिल्लीत काय वाटेल ते असो, उत्तरेने चढा भाव मोठ्याने सांगायचा. सुमती ऐकेल, केशव ऐकेल, मारोतराव सगळा बाजार उचलेल आणि सडत्या संत्र्यांवर बसेल.

केशवचं काय होईल, असं उत्तरेने विचारलं. मुनिमाने मालकाला बुडवलं तर मालक त्याचं जे करतो ते होईल, असं बापूजी म्हणाले, आणि कपाळाला आठी घालून पुढे बोलले. "घरी चकार शब्द काढाचा नाही. सोमवारी रेडिओसमोर तीच बैठक पायजे. ते नाही जमली, तर मी समजीन सारं घरच सामील होतं."

आपण सुटलो, असं उत्तरेला जेमतेम क्षणभर वाटलं होतं. आता तर तिला स्वतःच्या घरावर जाळं टाकायला बसवलं होतं. रविवारी सुमती वाटीभर मटार-उसळ घेऊन आली. रागावल्या काय वं वहिनी, आमी उगाच मजा म्हनून ऐकतो, असं म्हणाली. बापूजींच्या बेताचं सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण कुसुमताई समोर बसल्या होत्या, आणि बापूजींचा कान तिला घरातसुद्धा ऐकत असल्यासारखा वाटत होता. उत्तरेने वाटी घेतली, रिकामी करून परत दिली. ती उसळ रात्री तिने सगळी शरच्चंद्राच्या ताटात वाढली.

सोमवार उजाडला. मार्केटात पाय ठेवायला जागा नव्हती. दिल्लीचा फोन आला: मामाचा ताप एकदम उतरलाय, अंग गार पडलंय. भाव पार कोसळला होता. उत्तरेने डब्याचं बटण दाबून दाबून खरा आकडा पाठवला. रांजणातल्या आवाजाने बापूजी मोठ्याने म्हणाले, साऱ्या जगाने ऐकावं असं, "हं उत्तराबाई, बोला. दिल्ली काय म्हनते?"

पंचफुला कोपऱ्यात मडकं घासत होती. पंखा फिरत होता. गल्लीपलीकडे तीन बाया चटईवर बसून कान देत होत्या. त्यांतली एक तासाभराने नवऱ्याला वाढणार होती, आणि ते त्या घरातलं बहुधा शेवटचं निश्चिंत जेवण ठरणार होतं. खोटा आकडा उत्तरेच्या जिभेवर तयार होता. तो उच्चारला की नोकरी पक्की, नाव साफ. उद्या पुन्हा असाच दुसरा, परवा तिसरा. जिथे मोकळं बोलता येतं म्हणून ती जिवापाड जपत होती, तिथे आता तिला एकही खरा शब्द बोलता येणार नव्हता. मग कोणती नोकरी वाचवायची?

"बोला ना बाई," बापूजींचा आवाज आला.

तिने डबा जवळ ओढला.

"आई, मी उत्तरा बोलतेय. सुमती असेल तर तिलाही ऐकू दे. दिल्लीत आज भाव पडलाय. यापुढे या डब्यावर चढा भाव ऐकू आला तर तो खोटा समजा आणि केशवभाऊंना काही सांगू नका. आता रेडिओ बंद करा, आई. दिवसातले हे चार तास तरी मला माझे हवे होते. तुम्ही ते घ्यायला नको होते."

सासूशी ती आजवर इतकं सलग कधी बोलली नव्हती. मध्येच तोडायला पलीकडून कोणाला येत नव्हतं, म्हणून बोलून झालं.

डब्यातून बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग बापूजी बोलले, आवाज न चढवता. "डबा बंद करा बाई. अन् ऑफिसाची चाबी पंचफुलाजवळ द्या."

तिने डबा बंद केला. किल्ली देताना पंचफुलेचा हात धरला, चुकलं माझं म्हणाली. पंचफुलेने नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आली तेव्हा चटईवर कुसुमताई एकट्याच होत्या. टू-इन-वन मुका. आता आग पाखडतील, चारचौघींत माझी अब्रू काढलीस म्हणतील, अशी तयारी करूनच उत्तरा आत शिरली होती. तिलाही भांडायचंच होतं. कुसुमताईंनी मान वर केली.

"बंद केला," त्या म्हणाल्या. "सुमतीही गेली." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. "तू सकाळी जातेस, शरद जातो. मागे मी अन् या भिंती. तुझा आवाज यायचा ना, तर घरात कोणी आहेसं वाटायचं. नक्कल केलीस माझी, ती ऐकून मी एकटी किती हसले त्या दिवशी. तू घरी कधी हसत नाहीस गं. आता मी दुपारभर काय ऐकू?"

उत्तरेचा सारा राग जागच्या जागी गळून गेला. या बाईलाही याच दोन खोल्यांत कोणीतरी असंच कोंडलं असणार, तिच्याआधी कितीतरी वर्षं. उत्तरेला सासूची दया आली आणि त्या दयेचा तिला फार राग आला.

"काही ऐकायला नको, आई," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली. उद्यापासून मी घरीच आहे."

कुसुमताईंचा चेहरा उजळला. त्यांनी चटईवर सरकून तिच्यासाठी जागा केली, आणि तो उजळलेला चेहरा बघून उत्तरेला रडू कोसळलं.